सामानाला दोष देण्यापूर्वी: कॅम्पिंगमधील या चुका टाळा

कॅम्पिंगला पहिल्यांदा जाणारी मंडळी कोणता तंबू घ्यावा यावर आठवडेच्या आठवडे खल करतात आणि तो कुठे व कसा लावावा यावर जेमतेम दहा मिनिटे खर्च करतात. मग रात्र वाईट गेली की नवे सामान घेण्याचा विचार सुरू होतो. पुढील बहुतेक चुका पैसे खर्चून दुरुस्त होणाऱ्या नाहीत.

न गळणारा तंबू गळका ठरवणे

सकाळी छतावरून थेंब टपकले आणि स्लीपिंग बॅगचे पायाकडचे टोक ओले लागले, की तंबू गळका ठरवून लोक मोकळे होतात. रात्री पाऊसच पडला नव्हता, हे कोणी लक्षात घेत नाही. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पेलाभर तरी पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. निरभ्र रात्री तंबूचे बाहेरचे कापड आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते, त्यामुळे आतली दमट हवा त्याला लागताच तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. पाणवठ्याच्या काठी आणि खोलगट जागी रात्री थंड, दमट हवा साचते, म्हणून तिथे हा त्रास सर्वांत जास्त होतो.

एका तळावर शेजारी उतरलेल्या गृहस्थांनी आधीचा तंबू गळतो म्हणून दुकानात परत केला होता आणि नव्या तंबूच्या प्रत्येक शिवणीवर घरीच सीलंट, म्हणजे शिवणीतली छिद्रे बुजवणारा लेप, लावून आणले होते. तो तंबू त्यांनी तळ्याच्या अगदी काठावर, सर्वांत सखल जागी लावला, थंडी वाजू नये म्हणून वरचे झरोके बंद केले, बाहेरच्या कापडाचा काठ दगड ठेवून जमिनीला टेकवला आणि भिजलेले बूट व मोजे आत घेतले. पहाटे आकाशात एकही ढग नसताना ते टॉर्च घेऊन शिवणींमधले छिद्र शोधत होते. बाहेरच्या कापडाच्या आतील बाजूवरून हात फिरवून पाहा, असे मी त्यांना सुचवले, तेव्हा सगळीकडे सारखाच ओलावा हाताला लागला. गळती असती तर पाणी एखाद्या शिवणीच्या रेषेत किंवा एकाच कोपऱ्यात दिसले असते, शिवाय त्यासाठी पाऊस लागला असता. दुसऱ्या रात्री तंबू चढावर झाडांच्या आडोशाला नेला, वर वाळकी फांदी लटकत नाही ना हे पाहून घेतले, झरोके उघडे ठेवले आणि सकाळी तंबू आतून जवळजवळ कोरडा निघाला. निघताना त्यांनी मला विचारले ते मात्र कोणते सीलंट चांगले, हेच.

माझी पद्धत अशी, की झरोके मी पावसातही उघडे ठेवतो आणि झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन सगळे दोर पुन्हा ताणून घेतो. नायलॉनचे कापड ओले झाले की सैलावते, मग बाहेरचे कापड आतल्या कापडाला चिकटते आणि ओल आत उतरते; पॉलिएस्टर त्या मानाने कमी सैलावते. तंबूखाली अंथरलेले कापड तंबूच्या काठाबाहेर डोकावत असेल तर मात्र पावसाचे पाणी त्यावर जमून थेट तुमच्या पाठीखाली येते, म्हणून त्याच्या कडा आत दुमडून ठेवाव्यात.

पाठीकडून येणाऱ्या थंडीवर जाड स्लीपिंग बॅगचा उपाय

ही चूक सर्वांत महाग पडते. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्या भरावात अडकलेल्या हवेमुळे. अंगाच्या वजनाने खालचा भराव दबला की ती हवा निघून जाते, आणि मग तुमच्या व थंड जमिनीच्या मध्ये खरे काम फक्त अंगाखाली अंथरलेली मॅट करते. मॅटची उष्णता अडवून धरण्याची क्षमता आर-व्हॅल्यू या आकड्याने सांगतात. उन्हाळी रात्रीला 2 च्या आसपासचा आकडा पुरतो, गारठ्यात 4 किंवा अधिक लागतो आणि बर्फावर 5 च्या वर जावे लागते. नुसत्या हवेने फुगवायची जाड गादी पाहून नवखे लोक भुलतात, पण आत भराव नसेल तर तिच्यातली हवा फिरत राहून अंगाची उष्णता जमिनीकडे पोहोचवते. बोटभर जाडीचा फोम अनेकदा तिच्यापेक्षा उबदार ठरतो.

निदान सोपे आहे. पाठ, कंबर आणि खांदा गार पडत असून वरची बाजू ठीक असेल, तर दोष मॅटचा समजावा. एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर-व्हॅल्यूंची बेरीज होते, त्यामुळे फुगवायच्या मॅटखाली फोमची एक घडी टाकणे हा उपाय मी नव्या स्लीपिंग बॅगच्या आधी सुचवतो. सगळेच अंग गारठत असेल, तर बॅगेवरचा आकडा नीट वाचावा. त्यावर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ अशी दोन तापमाने असतात, आणि जाहिरातीत ठळक छापलेला आकडा बहुधा दुसरा, म्हणजे अंग आखडून कशीबशी रात्र काढण्याचा असतो. मी केवळ पहिलाच पाहतो.

उरलेल्या चुका

मेखा सरळ ठोकू नयेत. वरचे टोक तंबूपासून दूर कलेल अशा तिरक्या ठोकाव्यात.

कोरड्या ओढ्याचे सपाट, वाळूचे पात्र तंबूसाठी कितीही सोयीचे दिसले तरी तिथे मुक्काम करू नये, कारण ते पाण्यानेच सपाट केलेले असते आणि पुढचे पाणी दूरवर पडलेल्या पावसाचेही असू शकते.

तंबूच्या आत स्टोव्ह पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि दार थोडे उघडे आहे हा युक्तिवाद मी ऐकूनही घेत नाही.

शून्य अंशाच्या जवळ गॅसची ज्योत मंदावली, तर स्टोव्ह खोलून बसण्याआधी कॅनिस्टरवर, म्हणजे गॅसच्या डब्यावर, लिहिलेले वायूंचे मिश्रण वाचावे. साधा ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वायुरूप होत नाही, तर प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत होतो. मी रात्री कॅनिस्टर अंथरुणात घेऊन झोपतो. त्याला ज्योतीने ऊब देणाऱ्यांपासून लांब बसावे.

ओढ्याचे पाणी स्वच्छ दिसले तरी खळखळून एक मिनिट उकळावे, आणि 2000 मीटरच्या वर तीन मिनिटे.

अंधार पडल्यावर तळावर पोहोचणे ही बाकीच्या निम्म्या चुकांची जननी आहे. सूर्यास्तापूर्वी दोन तास हाताशी नसतील, तर ठरलेले ठिकाण सोडून मी अलीकडेच थांबतो, आणि सोबतच्यांची कुरकुर चालू देतो.

घरी आल्यावर ओला तंबू पिशवीत कोंबून ठेवू नये. कापडाच्या आतील पॉलियुरेथेनचा थर दमटपणाने विघटित होतो. तो चिकट लागू लागला आणि आंबूस वास मारू लागला, की त्यावर जलरोधक फवारा मारून काही उपयोग होत नाही, आणि तसा तंबू स्वस्तात विकायला कोणी काढला असेल तर तो घेऊही नये.