पाइनच्या खोडातल्या चाळणी पेशी : या चुका टाळा

पाइनसारख्या अनावृत्तबीजी (बियांना फळाचं आवरण नसलेल्या) झाडाच्या खोडातल्या फ्लोएमची, म्हणजे अन्नवाहक ऊतीची, आकृती तपासायला घेतली की मी आधी एकच गोष्ट बघतो: अन्न वाहून नेणाऱ्या चाळणी पेशीला चिकटून, तिला मदत करणारी छोटी सहपेशी काढली आहे का? बहुतेकदा काढलेली असतेच. सूर्यफुलाची आकृती इतकी गिरवलेली असते की पाइनच्या खोडातही हात तीच काढतो.

पाइनमध्ये सहपेशी नाही. तिचं काम स्ट्रासबर्गर पेशी करते; एडुआर्ड स्ट्रासबर्गर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला मिळालं आहे. काम सारखं असलं तरी जन्म वेगळा, आणि सगळी गफलत इथेच होते. सपुष्प वनस्पतीत एकाच मातृपेशीचं विभाजन होऊन चाळणी नलिकेचा घटक आणि सहपेशी तयार होतात. पाइनमध्ये कॅम्बियमच्या (खोड जाड करणाऱ्या विभाजनशील थराच्या) लांबट पेशीपासून बाहेरच्या बाजूला चाळणी पेशी बनते, तर स्ट्रासबर्गर पेशी बहुधा किरणांच्या (खोडात आडव्या जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांच्या) कडेला असतात, म्हणजे किरणांच्या आद्यपेशींपासून (कॅम्बियममधल्या किरण बनवणाऱ्या पेशींपासून) आलेल्या. या दोघींना एकाच मातृपेशीतून निघालेले बाण दाखवले की गुण गेले.

स्लाइडवर स्ट्रासबर्गर पेशी सापडत नाही? आयोडीन टाकून बघा. शेजारच्या साध्या मृदूतक (पातळ भिंतींच्या) पेशींत स्टार्चचे कण निळे-काळे होतात; दाट पेशीद्रव्य आणि ठळक केंद्रक असलेली, पण सहसा स्टार्च नसलेली पेशी दिसली तर तीच असण्याची शक्यता मोठी. चाळणी पेशी मेली की तिच्याशी जोडलेली ही पेशीही मरते.

'चाळणीपट्टिका दिसतच नाही, स्लाइड बिघडली' ही तक्रारही नेहमीची. पट्टिका म्हणजे सपुष्प वनस्पतीत चाळणी नलिकेच्या घटकांच्या टोकांशी असणारी छिद्रांची भिंत; पाइनमध्ये ती नसतेच, दिसणार कुठून! चाळणी पेशीची निमुळती टोकं एकमेकींवर चढलेली असतात आणि छिद्रांचे पुंजके मुख्यतः त्रिज्य (खोडाच्या केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या दिशेतल्या) भिंतींवर असतात. ते समोरून बघायचे तर आडवा छेद नको, त्रिज्य उभा छेद घ्या. ॲनिलीन ब्लू लावून अतिनील प्रकाशात बघितलं तर छिद्रांभोवतीचा कॅलोज (एक कर्बोदक) पिवळसर चमकतो.

पक्व चाळणी पेशीला 'मृत' लिहू नका. मृत असते ती जलवाहक ट्रॅकीड. चाळणी पेशीत रिक्तिकेचं पटल आणि रायबोसोम नाहीसे होतात, पण पेशीपटल, मायटोकाँड्रिया, प्लास्टिड आणि गुळगुळीत अंतर्द्रव्यजालिका टिकतात. ही जालिका छिद्रांपाशी गोळा झालेली दिसते. पाइनच्या कुळात केंद्रकसुद्धा पुरतं विरघळत नाही, आकसून गडद गोळा होऊन राहतं.

बाहेरच्या जुन्या पेशी चेंगरलेल्या दिसल्या तर ब्लेडला दोष देऊ नका. खोड जाड होत जातं तशा त्या दबतात.

आणि पाइनवरून सगळ्या शंकुधारींचा निकाल लावू नका. पाइनच्या फ्लोएममध्ये तंतू (जाड भिंतींच्या लांबट आधारपेशी) नसतात. सायप्रसच्या कुळात मात्र तंतूंच्या ओळी चाळणी पेशींच्या ओळींमधून ठरावीक अंतराने येतात. आकृतीखाली झाडाचं नाव नसेल, तर ती बरोबर की चूक हे मलाही ठरवता येत नाही.