जुन्या गृहकर्जासोबत माथी मारलेल्या विम्याचे पैसे परत मागताना

गृहकर्ज घेताना बँकेच्या टेबलावर ज्या वीस-पंचवीस सह्या होतात, त्यांपैकी दोन-तीन सह्या बहुधा विम्याच्या कागदांवर असतात आणि ते कर्जदाराला अनेक वर्षांनी कळते. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास उरलेले कर्ज विमा कंपनीने फेडावे, हा या विम्याचा हेतू चांगलाच आहे. अडचण विक्रीच्या पद्धतीत आहे. ‘हा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही’ असे सांगितले जाते, संपूर्ण प्रीमियम एकरकमी आकारून कर्जाच्या रकमेतच मिळवला जातो, आणि मग त्या प्रीमियमवरही पुढची वीस वर्षे व्याज चालू राहते. गृहकर्जासाठी असा आयुर्विमा घेण्याची सक्ती करणारा कोणताही कायदा भारतात नाही.

माझ्या मावसबहिणीने २०१७ साली तीस लाखांचे कर्ज घेतले. प्रत्यक्षात खाते एकतीस लाख वीस हजारांचे उघडले गेले होते, हे तिला २०२३ साली कळले. व्याजदर वाढून कर्जाची मुदत लांबल्यामुळे तिने पहिल्यांदा पूर्ण खातेउतारा मागवला होता. ८.५ टक्के दराने आणि वीस वर्षांच्या मुदतीने हिशेब केला, तर एक लाख वीस हजारांच्या प्रीमियमपोटी दरमहा सुमारे १,०४१ रुपये, म्हणजे एकूण जवळजवळ अडीच लाख रुपये जातात. शिवाय कर्ज वीस वर्षांचे आणि विमा फक्त दहा वर्षांचा होता. तिचे पुढे काय झाले ते ओघात येईलच, कारण तिच्या हातून झालेली चूक अनेकांच्या हातून होते.

ब्रिटनमध्ये अशाच प्रकारच्या कर्जसंरक्षण विम्याची चुकीची विक्री उघड झाली, तेव्हा तिथल्या नियामकाने देशभरातील ग्राहकांसाठी भरपाईची व्यवस्था लावली, दाव्यांसाठी २९ ऑगस्ट २०१९ ही अंतिम तारीख ठरवली आणि वित्तसंस्थांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. आपल्याकडे तशी सार्वत्रिक व्यवस्था नाही. प्रत्येक कर्जदाराला आपले प्रकरण स्वतंत्रपणे मांडावे लागते. त्यामुळे कोणाकडे, काय आणि किती दिवसांत मागायचे, हे पत्र लिहिण्यापूर्वीच निश्चित करावे लागते.

त्याआधी एक कळकळीची सूचना. हातातला विमा रद्द करण्याची घाई करू नये. घर एकाच कमावत्या माणसावर चालत असेल, मधल्या काळात त्याला मधुमेह किंवा हृदयविकार झाला असेल आणि दुसरा कोणताही मुदतविमा नसेल, तर चुकीच्या मार्गाने गळ्यात पडलेले हे संरक्षणच त्या कुटुंबाचा एकमेव आधार असू शकते. आधी नवा मुदतविमा प्रत्यक्ष हातात पडू द्यावा आणि मगच जुना सोडावा. घराच्या इमारतीचा आग, भूकंप किंवा पूर यांपासूनचा विमा ही पूर्णपणे वेगळी बाब आहे. तो उतरवण्याची अट कर्जकरारात असू शकते, आणि त्याची सरमिसळ केल्यास आपली तक्रार पहिल्याच पायरीवर दुबळी होते.

कागद जमवण्यापासून कामाला लागावे. मंजुरीपत्र, कर्जकरार, रक्कम वितरित झाल्याचे पत्र, पहिल्या दिवसापासूनचा खातेउतारा, विम्याचा प्रस्ताव अर्ज, आरोग्याचे घोषणापत्र आणि विमा प्रमाणपत्र एवढे कागद हवेत. हा बहुतेक वेळा गटविमा असतो, म्हणजे मुख्य पॉलिसी बँकेच्या नावावर असते आणि कर्जदाराला केवळ प्रमाणपत्र मिळते. अनेकांना तेही मिळालेले नसते. म्हणून ‘पॉलिसीची प्रत द्या’ असे न लिहिता ‘गटविम्याच्या मुख्य पॉलिसीचा क्रमांक, माझे सदस्य प्रमाणपत्र आणि माझ्या सहीचा प्रस्ताव अर्ज द्या’ असे लिहावे. शाखेत तोंडी विचारल्यास ‘जुनी फाइल आता मिळत नाही’ हे उत्तर ठरलेले असते, परंतु कर्ज चालू असेल तर त्याचे मूळ कागद कर्ज देणाऱ्या संस्थेकडे असतातच. त्यामुळे मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. बँक किंवा विमा कंपनी सरकारी असेल, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून स्वतःच्या खात्याचे कागद मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक असते. खासगी बँकेला हा मार्ग लागू नाही.

कागद हाती आल्यावर ते शांतपणे वाचावेत, कारण पुढचे सगळे प्रकरण त्यांतील विसंगतींवर उभे राहते. मंजुरीपत्रात विमा ऐच्छिक म्हटला आहे की त्याचा उल्लेखच नाही? प्रस्ताव अर्जातील हस्ताक्षर कोणाचे आहे, आणि कोऱ्या अर्जावर सही घेऊन उत्पन्न, वजन, आजार हे तपशील नंतर भरलेले दिसतात का? विम्याची मुदत कर्जापेक्षा कमी आहे का? दोघांचे कर्ज असताना विमा एकाचाच, आणि तोही कमी उत्पन्न असलेल्या अर्जदाराचा, उतरवला आहे का? एकदाच भरायची रक्कम म्हणून सांगितलेली पॉलिसी प्रत्यक्षात दरवर्षी प्रीमियमची आहे का? यांतील प्रत्येक मुद्दा कागदावरून सिद्ध होतो. ‘त्या अधिकाऱ्याने मला असे सांगितले होते’ हे वाक्य मात्र एकट्याने टिकत नाही, कारण तो अधिकारी बदलून गेलेला असतो आणि संभाषणाची नोंद कोणाकडेच नसते. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने ग्राहकहक्कांची सनद जाहीर केली, तिच्यात ग्राहकाच्या गरजेला साजेसेच उत्पादन विकले जावे हा हक्क स्पष्टपणे दिलेला आहे. आपल्या पत्रात तिचा आधार जरूर घ्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना विम्यासारखे आकार वेगळे दाखवणारे मुख्य तथ्यपत्रक बंधनकारक झाले आहे, पण त्याआधीच्या कर्जांना त्या नियमाचा आधार मिळत नाही.

आता मागणी ठरवावी, आणि इथे बहुतेक जण घोटाळा करतात. मागण्या दोन प्रकारच्या असतात आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. विक्रीच फसवी होती म्हणून विमा सुरुवातीपासून रद्द करून संपूर्ण प्रीमियम व त्यावर आकारलेले व्याज परत मागणे, ही पहिली. विक्रीबद्दल वाद न घालता, कर्ज मुदतीपूर्वी फेडले किंवा दुसऱ्या बँकेत नेले म्हणून उरलेल्या काळाचा प्रीमियम पॉलिसीच्या अटींनुसार परत मागणे, म्हणजेच सरेंडर, ही दुसरी. दुसरी मागणी तुलनेने लवकर मान्य होते, परंतु तिच्यात हाती येणारी रक्कम बरीच कमी असते. आणि एकदा ‘पूर्ण व अंतिम’ असे छापलेल्या सरेंडरच्या पावतीवर सही केली, की पहिली मागणी रेटणे फार कठीण होते. कर्ज फेडून घराचे मूळ दस्तऐवज परत घेताना विम्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. त्याच दिवशी सरेंडरमूल्य किती आहे हे लेखी विचारून ठेवावे.

जुन्या कर्जात सगळ्यांत मोठा अडसर मुदतीचा आहे. प्रमाणपत्र मिळाल्यापासून विमा परत करण्याचा जो फ्री-लूक कालावधी असतो, तो पूर्वी साधारणपणे पंधरा दिवसांचा होता आणि २०२४ च्या नियमांनी तो तीस दिवसांचा झाला. जुन्या कर्जदाराच्या बाबतीत तो उलटून गेलेला असतो. प्रमाणपत्र कधीच मिळाले नसेल, तर तो काळ सुरूच झाला नाही असा मुद्दा मांडता येतो. मात्र त्यासाठी ते मिळाले नाही हे आधीच लेखी कळवलेले असले पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावे लागते, आणि त्यानंतर जायचे असल्यास विलंबाचे पुरेसे कारण द्यावे लागते. १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम १७ असे सांगते, की फसवणूक झाली असेल तर ती उघडकीस आल्यापासून, किंवा वाजवी दक्षता घेतली असता ती उघडकीस येऊ शकली असती तेव्हापासून, मुदत मोजायची. म्हणूनच ‘मला हे केव्हा आणि कसे कळले’ ही तारीख जुन्या प्रकरणाचा कणा असते. खातेउतारा मागितल्याचा अर्ज, त्यावरची पोच, उतारा मिळाल्याचा ईमेल हे सगळे जपून ठेवावे. दरवर्षी आलेल्या कर्जविवरणात विमा स्पष्ट लिहिलेला असेल, तर समोरची बाजू त्याच कागदावर बोट ठेवील, हेही ध्यानात असू द्यावे.

तक्रार पहिल्यांदा विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, अशी दोन स्वतंत्र पत्रांनी करावी. विक्री बँकेने केली आणि प्रीमियम कंपनीने घेतला, त्यामुळे एकटीला लिहिले की ती दुसरीकडे बोट दाखवते. पत्रात फार आवेश नको. ‘कर्ज खाते क्रमांक अमुक यामध्ये दिनांक अमुक रोजी विमा प्रीमियमपोटी अमुक रक्कम माझ्या स्पष्ट संमतीशिवाय वर्ग करण्यात आली. विमा ऐच्छिक असल्याचे मला सांगण्यात आले नाही. ही बाब दिनांक अमुक रोजी खातेउतारा मिळाल्यावर मला प्रथम समजली. सदर रक्कम आणि तिच्यावर आजवर आकारलेले व्याज माझ्या कर्ज खात्यात जमा करून मासिक हप्त्याची फेरआकारणी करावी’ एवढा मजकूर पुरेसा आहे, आणि खाली जोडलेल्या कागदांची यादी असावी. कंपनीकडून दाद मिळाली नाही तर विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. प्राधिकरण स्वतः निवाडा देत नाही, पण तक्रारीची नोंद तिथे राहते आणि कंपनीला उत्तर द्यावे लागते.

यानंतरचा मार्ग विमा लोकपालाचा. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, पन्नास लाखांपर्यंतची प्रकरणे घेतली जातात, गटविम्याच्या तक्रारीही चालतात आणि दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुणे येथे ही कार्यालये आहेत, आणि आपला जिल्हा कोणत्या कार्यालयाच्या कक्षेत येतो ते आधी पाहून घ्यावे. विमा कंपनीने तक्रार फेटाळल्यापासून, किंवा एक महिन्यात उत्तर न दिल्यास तो महिना संपल्यापासून, एका वर्षाच्या आत लोकपालाकडे जावे लागते. मावसबहिणीची चूक इथे झाली. उतारा हाती पडताच तिने मार्च २०२३ मध्ये रागाच्या भरात कंपनीला चार ओळींचा ईमेल पाठवला आणि एप्रिलमध्ये कंपनीने तो फेटाळला. त्यानंतर ती जवळजवळ सव्वा वर्ष शाखेच्या खेपा घालत राहिली, कारण प्रत्येक खेपेला ‘वर कळवले आहे’ असे तिला सांगितले जात होते. लोकपालाकडे ती पोहोचली तेव्हा वर्ष उलटून गेले होते. ग्राहक आयोगाची मुदत तिच्या हाती होती, पण तोवर तिची उमेद संपली होती आणि तिने सरेंडर करून मिळाले तेवढे पैसे घेतले. पुन्हा पुन्हा पाठवलेल्या स्मरणपत्रांनी हे वर्ष नव्याने सुरू होत नाही. म्हणून पहिली तक्रार सगळे कागद हाती आल्यावर, पूर्ण तयारीनेच पाठवावी आणि नकार आला की कॅलेंडरवर पुढची तारीख लिहून ठेवावी.

कर्ज देणाऱ्या संस्थेविरुद्धचा मार्ग वेगळा आहे आणि तो संस्थेच्या प्रकारावर ठरतो. बँक असेल तर तीस दिवस उत्तराची वाट पाहून रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली ऑनलाइन तक्रार करता येते. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. गृहवित्त कंपनी असेल तर ती तक्रार राष्ट्रीय आवास बँकेच्या ‘ग्रिड्स’ पोर्टलवर जाते. सहकारी पतसंस्थेचे कर्ज असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे जावे लागते. मधल्या काळात संस्थाच बदलली असेल, तर आज खाते कोणाकडे आहे ते पाहावे. उदाहरणार्थ, एचडीएफसी ही गृहवित्त संस्था १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली, त्यामुळे तिची जुनी गृहकर्जे आता बँकेची कर्जे आहेत. एकच तक्रार न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असताना लोकपाल तिची दखल घेत नाही, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा.

लोकपालाकडे समाधान झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना शुल्क नाही, आणि बँक व विमा कंपनी या दोघांनाही एकाच तक्रारीत समोर आणता येते. जिथे दोघे एकमेकांवर जबाबदारी ढकलत असतात, तिथे मला हाच मार्ग अधिक योग्य वाटतो, जरी त्याला वेळ लागतो. सोबत जोडायच्या हिशेबात प्रीमियम, त्यावर भरलेले व्याज आणि उरलेल्या कर्जावरचा परिणाम हे तीन आकडे वेगळे दाखवावेत. तिन्हींची एकच ढोबळ बेरीज दिली तर आयोगाला त्यातला कोणता भाग मान्य करायचा हे ठरवणे अवघड जाते.

तक्रार नोंदवल्यानंतरच्या काळात ‘तुमचा अडकलेला प्रीमियम आम्ही सोडवून देतो’ असे फोन येऊ लागतात. फोन करणारा स्वतःला विमा नियामक प्राधिकरणाचा किंवा लोकपाल कार्यालयाचा अधिकारी म्हणवतो आणि प्रक्रिया शुल्क भरायला, किंवा आधी एक नवी पॉलिसी घ्यायला सांगतो. प्राधिकरण कोणालाही फोन करून विमा विकत नाही आणि लोकपाल कार्यालय पैसे घेत नाही. असा फोन आल्यास खाते क्रमांक, ओटीपी किंवा तक्रारीचा क्रमांक न सांगता तो बंद करावा, पैसे आधीच गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे, आणि आपल्या तक्रारीची स्थिती पोर्टलवर स्वतःच पाहावी.