आरसीसीबी निवडताना या चुका टाळा

आरसीसीबी म्हणजे करंट गळून जमिनीत जायला लागला की सप्लाय तोडणारा सेफ्टी स्विच. तिच्यावर २५ अँपिअर लिहिलंय म्हणजे त्याच्या वर लोड गेला की ती पडेल (आपोआप बंद होईल), असं घरमालकच नाही, कितीतरी वायरमनही धरून चालतात. ती पडत नाही. फेजने ३५ अँपिअर गेले आणि न्यूट्रलने ३५ परत आले, तर तिच्या लेखी सगळं ठीक आहे. तो आकडा तिचे कॉन्टॅक्ट किती करंट सोसतील एवढंच सांगतो. लोड आणि शॉर्टसर्किट सांभाळणं हे एमसीबीचं काम.

एका फ्लॅटच्या डीबीत (एमसीबींच्या बॉक्समध्ये) मेनला ६३ चा आयसोलेटर आणि त्याखाली २५ ची आरसीसीबी होती. आयसोलेटर तर नुसता स्विच, तोही पडत नाही. २००० वॅटचा गीझर ९ अँपिअरच्या आसपास घेतो, इंडक्शन शेगडी तेवढेच, दीड टनाचे दोन एसी प्रत्येकी सात-आठ. प्रत्येक एमसीबी आपापल्या मर्यादेत, म्हणून एकही पडली नाही, पण सगळ्यांचा मिळून करंट त्या एका आरसीसीबीतून जात होता. झाकण काढलं तर न्यूट्रलचं टर्मिनल काळं ठिक्कर आणि शेजारचं प्लास्टिक वितळलेलं. मी मेनला ४० ची डबल पोल एमसीबी घालतो आणि तिच्यामागे ६३ ची आरसीसीबी. आरसीसीबी ४० चीही नियमाने चालते, पण मला टर्मिनल थंड राहिलेलं आवडतं.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. पावसाळ्यात आरसीसीबी सारखी पडायला लागली की दुकानदार सांगतो, ३० मिलिअँपिअर गळतीला पडणारी काढा, ३०० ची घाला, कटकट संपेल. चिपळूणकडच्या एका बंगल्यात असंच केलं होतं. बागेतल्या दिव्याच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी साचत होतं, ते कुणी पाहिलं नाही. पुढे गीझरच्या हीटरमधून करंट लीक व्हायला लागला. सॉकेटमधली अर्थची वायर आधीच सुटलेली. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी आजींची तक्रार महिनाभर चालू होती आणि ३०० ची आरसीसीबी ढिम्म हलली नव्हती. १०० आणि ३०० ची साधनं आग टाळण्यासाठी असतात. माणूस वाचवायचा तर ३० च हवी. तिथे मी घराला ३० ची परत बसवली, बागेला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकत्र असलेली) दिली आणि अर्थ जोडून घेतली.

नवीन मुलांना फॉल्ट शोधायला अर्धा तास द्यायचा नसतो, म्हणून हा शॉर्टकट. सगळ्या एमसीबी पाडूनही आरसीसीबी टिकत नाही, तेव्हा ‘पीसच खराब आहे’ म्हणून मोकळे होतात. अरे, सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलीच राहते! न्यूट्रल कुठे भिंतीत अर्थला टेकली असेल तर आरसीसीबी तरीही पडू शकते. मेन बंद करून लिंकवरच्या (सगळ्या न्यूट्रल जोडतात त्या पट्टीवरच्या) न्यूट्रल काढा, मग दरवेळी मेन बंद ठेवून एकेक जोडा आणि चालू करून बघत जा. सापडतं.

इन्व्हर्टर मागाहून बसवला आणि आरसीसीबी पडायला लागली, तर आधी न्यूट्रल बघा. आरसीसीबीतून गेलेल्या फेजची न्यूट्रल तिच्यातूनच परत आली पाहिजे. डीबीत दोन आरसीसीबी असतील तर न्यूट्रल लिंकही दोन.

सिंगल फेजला फोर पोल आरसीसीबी घालायचीच असेल तर आकृती बघून जोडा, नाहीतर टेस्ट बटण चालत नाही.

इन्व्हर्टर एसी, नवीन वॉशिंग मशीन असेल तर आरसीसीबी एसी टाइपऐवजी ए टाइप घ्या; एसी टाइप फक्त साध्या एसी करंटची गळती ओळखते, ए टाइप इलेक्ट्रॉनिक्समुळे होणारी स्पंदित डीसी गळतीही.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. पडली नाही तर त्याच दिवशी बदला. मात्र त्या बटणाने अर्थिंग तपासलं जात नाही, ते वेगळं मोजून घ्या.