बोरिवलीच्या जंगलात पक्ष्यांचे आणि चितळांचे फोटो कसे काढावेत

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कॅमेरा घेऊन आलेले बहुतेकजण दिसेल त्याच्या मागे पळतात आणि पाठमोरे फोटो घेऊन परततात. त्यापेक्षा आधी ऋतू पाहा, त्यावरून झाड किंवा पाणवठा ठरवा आणि तिथेच थांबा. ७०-३०० मिमीची साधी झूम लेन्स पुरते.

फेब्रुवारी-मार्च. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. पानगळ झालेली असते आणि सावर, पळस, पांगारा फुललेले असतात. शिंजीर, बुलबुल, कोतवाल, भोरड्या मधासाठी येतच राहतात. सकाळचं ऊन पाठीशी घ्या. झाडापासून थोडं लांब उभं राहा, अगदी खाली उभं राहिलात तर नुसती पोटं दिसतील. मागे फांद्यांची गर्दी नाही असा एखादा घोस निवडून त्यावर फोकस करून ठेवा, पक्षी येतोच. शटर १/१००० सेकंद आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो. उजळ आकाशापुढे काळा कोतवाल काळा ठिपकाच दिसतो, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एक स्टॉप, म्हणजे दुपटीपर्यंत वाढवा.

एप्रिल-मे. हे दिवस चितळांचे. गवत वाळलेलं, पाणी मोजक्याच ठिकाणी. आधी वानरं शोधा. ती पानं-फळं खाताना बरीचशी खाली टाकतात आणि ती खायला चितळ झाडाखाली जमतात. थेट चालून जाऊ नका, तिरके जा. मान वर झाली, कान तुमच्याकडे वळले की थांबा, ती पुन्हा चरू लागेपर्यंत हलू नका. गुडघ्यावर बसून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून घेतलेला फोटो उभ्याने घेतलेल्यापेक्षा कितीतरी सरस येतो. मात्र बसायचं ते रस्त्यावर, सोबत कुणी असताना. हे बिबट्यांचं जंगल आहे, संध्याकाळी गवतात एकट्याने दबा धरणं हे त्यांचं काम.

पावसाळा. माझ्या मते सगळ्यात देखणा आणि सगळ्यात त्रासदायक. नवरंग आणि तिबोटी खंड्या हे पक्षी याच सुमारास दिसतात, शीळकरी कस्तुराची शीळ ओढ्याकाठी ऐकू येते. उजेड कमी असतो, तेव्हा आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत जाऊ द्या. बसलेल्या पक्ष्याला १/२५० पुरतं. लेन्सवर प्लास्टिकची पिशवी, खिशात कोरडा सुती रुमाल. फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणं तर नकोच. तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून घरटं करतो. चोचीत बेडूक किंवा पाल धरून तो फांदीवर नुसताच बसून राहिला, तर बहुधा त्याच्या आणि पिल्लांच्या मध्ये तुम्ही उभे आहात. फोटो सोडा आणि मागे फिरा.

हिवाळा. स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा पांढरा नर सावलीतल्या झाडीत हवा असेल तर एक्स्पोजर थोडं कमी करा, नाहीतर पिसांचा तपशील जातो. शेपटीसाठी चौकटीत जागा सोडा. दुरून कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं तर ते भेकर (एक छोटं हरीण) असू शकतं, आवाजाच्या मागे जाऊ नका.

सोमवारी उद्यान बंद असतं. आतल्या पायवाटांसाठी वेगळी परवानगी काढावी लागते. आणि खाऊ बॅगेत खोल ठेवा, माकडांना पिशवीचा आवाज बरोबर कळतो.