टांगत्या लंबकाला वायर कुठून जोडायची

मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात तळमजल्याला कोठीची खोली आहे. फरशी दगडी, खिडकी एकच. भाच्याने तिथं भूकंपाच्या लाटा टिपणारा आडवा लंबक उभा केला. दारासारखा डुलणारा 75 सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा दांडा, टोकाला 4 किलो शिसं, शिशापाशी कॉइल, आणि लोहचुंबक खाली पाटावर पक्का. जमीन हलली की चुंबक तिच्याबरोबर जातो, जड टोक मागं राहतं आणि कॉइलमध्ये वीज निघते. 1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे कोयनेला धरणी हादरली तेव्हा फडताळातली भांडी खाली आली, हे आईने इतक्यांदा सांगितलंय, की या घरात असलं यंत्र बसवायला कुणाची परवानगी लागली नाही.

तीन दिवसांनी पोरगं स्वयंपाकघरात आलं. "आत्या, दोलनकाल अकरा सेकंदांच्या वर जाईना झालाय. अठरा यायला पायजे." दोलनकाल म्हणजे एका पूर्ण डोलाला लागणारा वेळ.

मी कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत 31 वर्षं सहायक होते. कणकेचे हात धुऊन खाली गेले तर टोकावरच्या कॉइलमधून माइकची काळी शिल्डेड, म्हणजे आत धातूच्या जाळीचं कवच असलेली, वायर सरळ खाली सोडलेली. म्हटलं, "अरे, तू लंबकाला दावं बांधलंयस."

त्याला पटेना, म्हणून हिशेब मांडला. 4 किलोचं टोक, दोलनकाल 18 सेकंद. टोक 1 मिलिमीटर सरकलं तर त्याला परत आणणारं बळ येतं साधारण 50 मिलिग्रॅम वजनाइतकं. तांदळाचे दोन दाणे. 4 किलो शिसं टांगलंय म्हणून यंत्र दणकट वाटतं, पण आडव्या दिशेनं ते दोन दाण्यांवर चालतं. तिथं माइकची वायर म्हणजे चांगली स्प्रिंग. 18 चे 11 झाले याचा अर्थ परत ओढणाऱ्या बळातला साठ टक्क्यांहून मोठा वाटा वायरचा होता. लंबक भूकंपाचा राहिलाच नव्हता, वायरचा झाला होता.

म्हणून पहिलं काम, वायर न जोडता मोजणे. सगळं सोडवा, दांडा किंचित ढकला, दहा डोलांचा वेळ घ्या, आणि झोका निम्मा व्हायला किती डोल लागतात ते वहीत लिहा. हा आकडा नसेल तर पुढं वायरनं काय बिघडवलं ते कशावरून कळणार?

मग वायर निवडायची. जाडी निम्मी केली की वाकवायला लागणारा जोर निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. त्यामुळं बारीक घेण्यात फार मोठा फायदा आहे. स्पीकरच्या कोनाला असते तशी विणलेली वायर मऊ लागते म्हणून पुष्कळ जण ती घेतात. मी घेणार नाही. तिच्या तारा एकमेकींवर घासतात, आणि लंबक दर वेळी वेगळ्याच जागी थांबतो. प्लॅस्टिकचं आवरणही नको, ते उन्हाळ्यात सैल पडतं आणि थंडीत ताठरतं. एनामलची, म्हणजे वर पातळ लेप असलेली, एकेरी तांब्याची तार बरी. उद्यमनगरातल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडं 42 गेजची मागितली, म्हणजे 0.1 मिलिमीटर. तो म्हणाला, "बाई, ही पंख्याला चालत न्हाई." म्हटलं, पंख्याला नकोच आहे. उरलेल्या रिळातली पाच-सहा मीटर त्यानं फुकट दिली.

आता खरी गोम जागेची. वायर दांड्यावरून उतरवायची ती टोकाशी नाही, बिजागरीपाशी. दोन्ही तारांना हलका पीळ द्या, म्हणजे घरातल्या विजेची गुणगुण कमी शिरते. त्या दांड्याला चिकटून मागं आणा आणि दर चार बोटांवर शिवणाच्या दोऱ्याची गाठ व नेलपॉलिशचा थेंब द्या. चिकटपट्टी लावू नका, ती पावसाळ्यात सुटते आणि पंख फडफडवत बसते. दांडा ज्या उभ्या रेषेभोवती फिरतो, तिच्यापासून 1 सेंटिमीटरवर वायर दांडा सोडू दे. तिथं हालचाल टोकाच्या पंचाहत्तराव्या हिश्शाची, आणि बळाला मिळणारी तरफही पंचाहत्तरावा हिस्सा. दोन्ही मिळून वायरचा जाच साडेपाच हजार पटींनी कमी होतो.

तिथून तारा पाटावरच्या खांबाकडं उडी घेतात. या उडीत पीळ उकला. दोन्ही तारा बोटभर अंतरावर, प्रत्येकीची बांगडीच्या अर्ध्या तुकड्यासारखी सैल कमान, सहा-सात सेंटिमीटर लांब, कशालाही न टेकणारी. कमानीची दोन्ही टोकं आधी पक्की करा आणि डाग, म्हणजे सोल्डरचा जोड, त्यापुढं 1 सेंटिमीटरवर द्या. डागालाच टांगलेली तार तिथंच तुटते, बहुधा रविवारी. पलीकडच्या खांबापासून मात्र जाड शिल्डेड वायर खुशाल घ्या, पण पाट सोडण्याआधी तिला पाटावर आवळा. नाहीतर पलंगाखालून कुणी वायर ओढली की कागदावर भूकंप.

वायर टाळता आली तर सगळ्यांत उत्तम. चुंबक दांड्यावर आणि कॉइल पाटावर ठेवली की हलत्या भागाला एकही तार लागत नाही. आमच्याकडं भिंतीला लोखंडी कपाट आहे, दांड्यावरचा चुंबक त्याच्याकडं मान वळवून बसला असता. गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या लायगोत सुमारे 40 किलोचा आरसा काचेच्या 0.4 मिलिमीटरच्या चार तंतूंवर टांगतात. त्या आरशाला वायर नाहीच, मागं वेगळ्या टांगलेल्या वजनावरून विद्युतक्षेत्रानं त्याला ढकलतात. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणारी वेधशाळाही त्याच घराण्यातली.

शेवटी तपासणी. दांडा डावीकडून सोडा, थांबू द्या, जागा टिपा, मग उजवीकडून सोडा. दोन जागा वेगळ्या आल्या तर काहीतरी घासतंय. आमच्या जागा जुळल्या, वायरीविना दोलनकाल 18.2 आणि वायरीसह 18.1 आला, भाचा खूश झाला. जुलैत दोलनकाल परत तेरावर आला. तासभर कमानी तपासल्या, डाग तपासले. मग टॉर्च तिरका धरला तेव्हा दिसलं. दांड्यापासून खांबापर्यंत कोळ्यानं एकच धागा ताणला होता. तेव्हापासून काचेच्या पेटीच्या फटींना कापूस आहे, आणि वहीत "कोळी" असा एक रकाना.