शेजारी प्रार्थनास्थळ होणार अशी नोटीस आली तर काय करायचं (न्यू जर्सीवाल्यांसाठी)

प्लॉटपासून २०० फुटांच्या आत तुमचं घर असेल तर टाउनशिपच्या बोर्डासमोर त्या बांधकामाच्या अर्जाची हिअरिंग (सुनावणी) असते, तिच्या निदान १० दिवस आधी नोटीस मिळते. मिळाली की लगेच फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, आधी टाउनशिपच्या ऑफिसात जाऊन प्लॅन बघायला मागा, ते तेवढेच दिवस आधी सगळ्यांसाठी खुले ठेवावेच लागतात. अर्ध्या अफवा तिथेच संपतात.

हिअरिंगला अर्जदाराचे इंजिनिअर, ट्रॅफिकवाले वगैरे साक्ष देतात आणि प्रत्येकाचं झालं की लोकांना प्रश्न विचारता येतात. तेव्हा फक्त प्रश्नच हां, मत मांडायची पाळी नंतर येते, तेही शपथ घेऊन. सह्यांचं पत्र पाठवून भागत नाही कारण कागदाची उलटतपासणी कशी घेणार, स्वतः जाऊन बोला.

विचारायचं काय तर सगळ्यात जास्त गर्दी कधी आणि तेव्हा जास्तीच्या गाड्या कुठे लावणार, पावसाचं पाणी कोणाच्या अंगणात जाणार, पार्किंगचे दिवे किती वाजता बंद होणार, कुंपणाला झाडं लावणार का. बांधकाम थांबवायच्या नादात लोक हे विचारतच नाहीत आणि मग मंजुरी मिळते तेव्हा अटींमध्ये यातलं काहीच नसतं.

पण पार्किंगचा मुद्दा धरलात तर माप सगळ्यांना एकच लावा. बास्किंग रिजच्या मशिदीचं प्रकरण बघा, २०१२ ला अर्ज, ३९ हिअरिंग, चर्चच्या नियमाने ५० जागा पुरल्या असत्या तिथे बोर्डाने १०७ मागितल्या आणि २०१५ ला नकार दिला. कोर्टाने हा भेदभाव धरला कारण प्रार्थनास्थळांना परवानगी देताना असा भेदभाव होऊ नये यासाठीच २००० सालचा फेडरल कायदा आहे, आणि २०१७ च्या तडजोडीत टाउनशिपला ३२.५ लाख डॉलर मोजावे लागले. म्हणून माइकवर "ही लोकं" असं काही बोलूच नका, ते रेकॉर्डवर राहतं. आणि आपल्यातलेच काहीजण "मंदिर असतं तर चाललं असतं" म्हणतात, त्यांनी उद्या मंदिराचा अर्ज कुठल्या तोंडाने करायचा?

निकाल लागला की रेझोल्युशनची (बोर्डाच्या लेखी निकालाची) कॉपी घ्या, अटी नीट वाचा. कोर्टात जायचंच असेल तर निकालाची जाहिरात छापून आल्यापासून साधारण ४५ दिवस मिळतात, वकील त्याआधीच गाठा.