आरव्हीतून महिनाभर मुक्काम करणार असाल, तर या चुका टाळा

‘काका, महिनाभर राहण्याजोगे एखादे चांगले आरव्ही पार्क सांगा,’ असा फोन मला दर वर्षी थंडीच्या तोंडाशी येतो. आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, आणि आरव्ही पार्क म्हणजे ती भाड्याने उभी करण्याचे ठिकाण. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षे आम्ही दोघे वर्षातले पाच-सहा महिने आमच्या २८ फुटी ट्रेलरमधून अमेरिकेत फिरत असल्यामुळे मराठी मंडळींमध्ये मी या विषयातला जाणकार समजला जातो. मी दोन-चार नावे सांगतो, समोरची व्यक्ती ती लिहून घेते, आणि तीन आठवड्यांनी त्याच व्यक्तीचा त्रासलेल्या आवाजात दुसरा फोन येतो. पार्क चांगलेच असते. चूक मुक्कामाच्या पद्धतीत असते. नऊ वर्षांत त्या चुका बदललेल्या नाहीत, म्हणून एकदा त्या लिहून काढतो.

फोटो पाहून महिन्याचे भाडे भरणे

ही माझी स्वतःची चूक आहे, त्यामुळे तिच्याविषयी मी अधिकाराने बोलू शकतो. आमच्या दुसऱ्याच हिवाळ्यात ॲरिझोनातील एका गावाजवळचे पार्क मी फोटो पाहून ठरवले. फोटोंमध्ये झावळ्यांची झाडे होती, निळा तरणतलाव होता आणि मागे गुलाबी डोंगर होते. दिवसाचे भाडे ५० डॉलर आणि महिन्याचे ८५० डॉलर, असा सरळ हिशेब दिसल्यामुळे, रक्कम परत मिळणार नाही या अटीकडे डोळेझाक करून मी महिन्याचे पैसे भरून टाकले. दुपारी पोहोचलो, साइट म्हणजे ट्रेलर उभा करण्याची जागा सपाट होती, शेजारी नम्र होते, आणि सौ.ने पिठलेभातही केला.

रात्री पावणेदोन वाजता पहिली मालगाडी आली. अमेरिकेत सार्वजनिक रस्त्याच्या फाटकापूर्वी १५ ते २० सेकंद शिट्टी वाजवणे इंजिनचालकावर बंधनकारक आहे. ती शिट्टी दोन लांब, एक आखूड आणि पुन्हा एक लांब अशी वाजते, आणि तिचा आवाज इंजिनापुढे १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल असावा असा नियम आहे. हे सगळे मी नंतर वाचले. त्या रात्री मला एवढेच कळले की फाटक आमच्या उशापासून पाव मैलावर आहे आणि ताटाळ्यातल्या स्टीलच्या वाट्या एकमेकींवर किणकिणत आहेत. उजाडेपर्यंत मी सात गाड्या मोजल्या. सकाळी ऑफिसातल्या बाईंनी ‘आठवड्याभरात सवय होते’ असे हसून सांगितले. ‘रुळाशेजारीच राहायचे होते, तर आपली दादरची खोली काय वाईट होती?’ हा सौ.चा प्रश्न मात्र अजूनही अनुत्तरित आहे. सहाव्या दिवशी आम्ही उरलेल्या पैशांवर पाणी सोडून निघालो.

तेव्हापासूनची माझी रीत ठरलेली आहे. पार्क कितीही नावाजलेले असो, मी पहिल्यांदा एकाच रात्रीचे पैसे भरतो. आवडले तर आठवडा आणि मग महिना. पहिली रात्र पुढच्या भाड्यात धरणार का, हे आधीच विचारले तर आमच्या अनुभवात बहुतेक ठिकाणी धरतात. नंतर विचारले तर क्वचितच धरतात. बुकिंगपूर्वी उपग्रहाच्या नकाशावर पार्कच्या भोवतीचा एक-दोन मैलांचा परिसर डोळ्यांखालून घालतो, कारण रेल्वेचे रूळ, हमरस्ता आणि सांडपाण्याचे केंद्र फोटोत कधीच येत नाहीत. पोहोचल्यावर रात्री नऊच्या सुमारास पार्कमध्ये एक फेरी मारतो, आणि दुसऱ्या दिवशी लाँड्रीच्या खोलीत जाऊन तीन-तीन महिने राहिलेल्या लोकांशी बोलतो. कपडे वाळेपर्यंत माणसाला दुसरे काम नसते, त्यामुळे तो खरे सांगतो. महिन्याच्या भाड्यात वीज धरली आहे की मीटरप्रमाणे वेगळी द्यायची आहे, हेही तिथेच कळते. बहुतेक ठिकाणी ती वेगळी असते, आणि वातानुकूलन चालू असलेल्या महिन्यात ते बिल ‘स्वस्त’ भाड्याचे सारे कौतुक संपवून टाकते.

ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणे

विषय जेवणाच्या वेळी वाचण्याचा नाही, परंतु महिनाभराच्या मुक्कामात सर्वांत जास्त माणसे येथेच फसतात. ट्रेलरखाली शौचालयाची ब्लॅक टँक आणि मोरी-सिंकच्या पाण्याची ग्रे टँक अशा दोन स्वतंत्र टाक्या असतात. फुल हूकअपच्या, म्हणजे वीज, पाणी आणि ड्रेनेज या तिन्ही जोडण्या असलेल्या साइटवर ड्रेनेजची नळी कायम जोडलेली राहते, त्यामुळे नवशिक्याला साहजिकच वाटते की दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवले म्हणजे कटकट मिटली. प्रत्यक्षात पाणी तेवढे वाहून जाते आणि घन पदार्थ व कागद टाकीच्या तळाशी, नेमका शौचालयाच्या भांड्याखाली, वारुळासारखा साचत जातो. हे वारूळ एकदा वाळले की ते फोडणे सोपे राहत नाही.

टेक्सासच्या किनाऱ्यावर आमच्या शेजारी एक तरुण मराठी जोडपे उतरले होते, दोघेही घरूनच कार्यालयाचे काम करणारे. तिसऱ्या आठवड्यात तो मुलगा संकोचत आला आणि म्हणाला, ‘काका, टाकी भरल्याचा दिवा काही केल्या जात नाही.’ मी विचारले, ‘व्हॉल्व्ह?’ तो म्हणाला, ‘पहिल्या दिवसापासून उघडाच ठेवलाय, त्यामुळे भरायचा प्रश्नच नाही.’ मी खाली वाकून ड्रेनेजच्या नळीच्या जोडावरच्या पारदर्शक कोपरात, म्हणजे वाकड्या तुकड्यात, पाहिले, तर त्यातून नुसता पाण्याचा पातळ ओघळ येत होता. व्हॉल्व्ह बंद करून आम्ही टाकीत बादल्या-बादल्या पाणी ओतले, रात्रभर मुरू दिले, सकाळी सोडले, आणि पुन्हा भरले. दुसऱ्या दिवशी टाकी पाऊण भरून त्याला गाडीला ट्रेलर जोडून पार्कच्या आतल्या रस्त्यावर हळूहळू दहा चकरा मारायला लावल्या, म्हणजे आतले पाणी घुसळले जाते. चौथ्या दिवशी कोपरातून जे गेले त्याचे वर्णन करत नाही, पण त्या मुलाने आनंदाने टाळी वाजवली. मधल्या काळात त्याने कुठेतरी पाहून, बर्फाच्या खड्यांनी टाकी घासली जाईल म्हणून, टाकीत दोन पिशव्या बर्फ टाकला होता. उभ्या ट्रेलरमध्ये बर्फ फक्त वितळतो. अशा युक्त्यांवर विश्वास ठेवणाऱ्यांना काय म्हणावे, हे मला अजून सुचलेले नाही.

माझा नेम असा आहे की ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह नेहमी बंद असतो. दर पाचव्या दिवशी, सकाळचा चहा झाला की हातमोजे घालून आधी ब्लॅक टँक सोडायची आणि मग ग्रे टँक, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. त्यानंतर रिकाम्या ब्लॅक टँकमध्ये दोन बादल्या पाणी घालायचे, कारण कोरडी टाकी हीच वारुळाची सुरुवात असते. एक गोष्ट खास आपल्या स्वयंपाकासाठी सांगतो. फोडणीचे तेल आणि पुरणाचे कट सिंकमध्ये ओतू नका. ग्रे टँकच्या भिंतींना चरबीचा थर चढला की आठवड्यात वास येऊ लागतो. आम्ही ताटे आधी कागदाने पुसतो आणि मगच धुतो.

मुक्कामाची मर्यादा न वाचणे

लोक ‘आवडते ठिकाण’ आणि ‘महिनाभर राहता येईल असे ठिकाण’ यांची गल्लत करतात. सर्वांत सुंदर कॅम्पग्राउंड बहुधा सरकारी असतात, आणि तेथे १४ दिवसांच्या आसपास मर्यादा असते. कॅलिफोर्नियातील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तर १ मे ते १५ सप्टेंबर या काळात व्हॅली आणि वावोना या भागांत ७ रात्रींपेक्षा जास्त राहता येत नाही. ऑरेगनच्या फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कमध्ये फुल हूकअपच्या साइट आहेत, आणि १९०६ साली किनाऱ्यावर रुतलेल्या ‘पीटर आयरडेल’ जहाजाचा गंजलेला सांगाडा ओहोटीच्या वेळी जवळून पाहता येतो. पण तेथेही दोन आठवड्यांनी गाशा गुंडाळावा लागतो.

यावर आमचा तोडगा असा आहे की सरकारी आणि खासगी मुक्कामाची सांगड घालायची. टेक्सासमधील रॉकपोर्टजवळचे गूज आयलंड स्टेट पार्क हे आमचे हिवाळ्यातले सर्वांत लाडके ठिकाण. तेथे दोन आठवडे राहतो आणि मग गावातल्याच खासगी पार्कमध्ये महिन्याच्या दराने हलतो. हजार वर्षांहून जुना मानला जाणारा ओकवृक्ष या पार्कच्या हद्दीत आहे, आणि खाडीपलीकडच्या अरान्सास अभयारण्यात हूपिंग क्रेन हे दुर्मीळ क्रौंच पक्षी हिवाळा काढतात. १९४१ साली या थव्यात पंधरा-सोळाच पक्षी उरले होते, हे ठाऊक असले की पाणथळीत उभी असलेली एक जोडी पाहण्यासाठी थंडगार वाऱ्यात तासभर थांबणे जड जात नाही.

मर्यादेला दोन मोठे अपवाद मी आवर्जून सांगतो. ॲरिझोनातील क्वार्ट्झसाइटजवळची ला पोसा ही सरकारी जमीन १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या सात महिन्यांसाठी एकाच परवान्यावर मिळते, आणि हा परवाना वर्षानुवर्षे १८० डॉलरचा होता. तेथे पाणी भरण्याची आणि टाकी सोडण्याची सोय आहे, परंतु साइटवर वीज, नळ, ड्रेनेज यांपैकी काहीही नाही, त्यामुळे सौर पॅनल आणि काटकसर या दोन्हींची सवय नसलेल्याने तेथे जाऊ नये. दुसरा अपवाद यलोस्टोनमधील फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कचा. इतर कॅम्पग्राउंडची कालमर्यादा त्याला लागू नाही आणि संपूर्ण उद्यानात हूकअप फक्त तेथेच आहेत. अस्वलांचा वावर असल्यामुळे तंबू किंवा कापडी भिंतींच्या गाड्या चालत नाहीत. स्वस्त मात्र अजिबात नाही.

३० आणि ५० अँपिअर यांत ‘थोडाच फरक’ समजणे

पार्कमध्ये साइटवर विजेची जोडणी ३० किंवा ५० अँपिअरची असते. ३० अँपिअरच्या जोडणीतून १२० व्होल्टवर ३,६०० वॅट मिळतात. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन तारा असल्यामुळे १२,००० वॅट मिळतात. म्हणजे फरक तिपटीहून अधिक आहे, आणि ॲडाप्टर लावल्याने तो भरून निघत नाही. वातानुकूलन चालू असताना एकाच वेळी मायक्रोवेव्ह आणि विजेची किटली लावणाऱ्याचा ब्रेकर पडणारच. त्याहून घातक गोष्ट म्हणजे कमी दाब. उन्हाळ्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास सगळे पार्क वातानुकूलन लावते, तेव्हा जुन्या वायरिंगवर व्होल्टेज १०४ च्या खाली घसरू शकते आणि कॉम्प्रेसर जळतो. दाब घसरताच वीज तोडणारे संरक्षक उपकरण मी पहिल्या वर्षी महाग म्हणून घेतले नाही. दुसऱ्या वर्षी ते घेतले, नव्या कॉम्प्रेसरसोबत.

बाकीच्या चुका थोडक्यात. पाण्याच्या नळाला प्रेशर रेग्युलेटर, म्हणजे पाण्याचा दाब आवरणारे उपकरण, लावल्याशिवाय नळी जोडू नका. तुमची गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर फोनवरच तसे सांगा, कारण अनेक खासगी पार्क अशी गाडी दारातूनच परत पाठवतात. ऑगस्टच्या पूर्वार्धात साउथ डकोटातील ब्लॅक हिल्स डोंगरांत जाऊ नका. तेथल्या स्टर्जिस गावचा मोटारसायकल मेळा असतो आणि भाडे दुप्पट-तिप्पट होते. तेथले कस्टर स्टेट पार्क सप्टेंबरात पाहावे. मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम असतो. रॉकपोर्टचे २०१७ साली हार्वे चक्रीवादळाने काय केले, ते तेथल्या जुन्या रहिवाशांना विचारा. बासष्ट पूर्ण झालेल्यांनी ८० डॉलरचा आजीवन सीनिअर पास घ्यावा, त्यावर अनेक केंद्रीय कॅम्पग्राउंडमध्ये निम्मे भाडे पडते. मात्र तो अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीन कार्डधारक यांनाच मिळतो, त्यामुळे सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आईवडिलांच्या नावावर तो मागू नका. स्टेट पार्कमध्ये तो चालत नाही, हे मला फाटकावर वाद घातल्यावर कळले.

राहता राहिली ऐनवेळी बुकिंग करण्याची सवय. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कमध्ये स्थानिक रहिवाशांना ११ महिने आधी आणि बाहेरच्यांना १० महिने आधी नोंदणी करता येते, म्हणजे आमच्या न्यू जर्सीच्या माणसाची पाळी येईपर्यंत स्थानिकांची निवड होऊन महिना उलटलेला असतो. कीज बेटांवरच्या बाहिया होंडा पार्कसाठी मी तीन वर्षे सकाळी घड्याळ लावून बसलो. या वर्षी दोन रात्री मिळाल्या, मंगळवार आणि बुधवार, आणि त्याही दोन वेगवेगळ्या साइटवर.